महिनाभर न बाधलेले औषध पाचव्या आठवड्यात का बाधते?

गडहिंग्लज तालुक्यातील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ६१ वर्षांच्या वडिलांच्या रक्ततपासणीत युरिक ॲसिड ८.१ आले, म्हणून त्यांना ॲलोप्युरिनॉलची ३०० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी सुरू झाली. रक्तदाबाची गोळी वर्षभर आधीपासून होती. महिनाभर काहीही त्रास नव्हता. पाचव्या आठवड्यात अचानक ताप आला, गावातल्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन आणि पॅरासिटामॉल दिले, आणि दुसऱ्याच दिवशी अंगभर लाल पुरळ उठून चेहरा सुजला. कोल्हापुरात दाखल केल्यावर यकृत आणि मूत्रपिंड या दोन्हींवर परिणाम झाल्याचे दिसले आणि घरी सोडताना कागदावर ‘ड्रेस’ (त्वचेसोबत आतल्या अवयवांनाही बाधणारी, औषधाची उशिरा येणारी तीव्र प्रतिक्रिया) असे निदान लिहिले गेले. आता स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी साखर वाढली आहे आणि नातेवाईक त्या बंद करायला सांगत आहेत. भगिनींचे प्रश्न तीन आहेत: दोष नक्की कोणत्या औषधाचा, स्टेरॉइड बंद करावे का, आणि हा धोका भावंडांनाही आहे का. गावातल्या डॉक्टरांनी ‘स्ट्राँग गोळ्या दिल्या’ म्हणून त्यांच्याशी घरच्यांचे भांडण झाले आहे, हेही त्यांनी लिहिले आहे.

वडिलांना मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तरीही आपण पाठवलेले डिस्चार्ज कार्ड, मेडिकलचे बिल आणि सोलापुरी चादरीवर मांडून काढलेला औषधांच्या पाकिटांचा फोटो, एवढ्यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते. दोष ॲलोप्युरिनॉलचा आहे. गावातल्या डॉक्टरांचा आणि त्यांनी दिलेल्या गोळ्यांचा यात दोष दिसत नाही, आणि हे आपण त्यांना जाऊन सांगावे, अशी माझी विनंती आहे.

हे कशावरून म्हणते ते फोटोकडे पाहून समजून घेऊ. ॲलोप्युरिनॉलची दहा गोळ्यांची तीन पाकिटे पूर्ण रिकामी आहेत आणि चौथ्यात दोन गोळ्या शिल्लक आहेत, म्हणजे अडतीस गोळ्या पोटात गेल्या. बिलावरची तारीख धरून मोजले, तर चौतिसाव्या दिवशी ताप आला, पस्तिसाव्या दिवशी ॲझिथ्रोमायसिन सुरू झाले, छत्तिसाव्या दिवशी पुरळ दिसले आणि अडतिसाव्या दिवशी रुग्णालयात गेल्यावर सर्व औषधे थांबली. ताप हा या आजाराचाच पहिला भाग होता. जे औषध ताप आल्यानंतर घेतले, ते तापाचे कारण असू शकत नाही. शिवाय ताप आल्यानंतरही वडिलांनी ॲलोप्युरिनॉलच्या आणखी चार गोळ्या घेतल्या आहेत, कारण ती त्यांच्या दृष्टीने ‘नेहमीची’ गोळी होती. या चार गोळ्या मला सर्वांत जास्त खुपतात. नवे औषध बाधले अशी शंका घरात सर्वांना येते. नेहमीच्या गोळीवर कोणाची नजर जात नाही आणि ती रोज रात्री जेवणानंतर पोटात जातच राहते.

त्वचारोगाच्या व्यवसायात मी अशा रुग्णांच्या बाबतीत औषधांची पिशवी पलंगावर ओतून रिकामे खळगे मोजते आणि कागदावर दिवसांची आडवी रेघ आखून प्रत्येक औषध कधी सुरू झाले आणि कधी थांबले, त्याच्या खुणा करते. आपल्या भागातला रुग्ण बहुधा औषधाचे नाव सांगू शकत नाही. ‘बारकी पांढरी गोळी’ किंवा ‘मेडिकलवाल्याने दिलेली’ एवढेच सांगतो. रिकामे पाकीट मात्र नावही सांगते आणि दिवसही सांगते. म्हणून नवीन गोळी सुरू झाल्यापासून निदान दोन महिने तिची रिकामी पाकिटे आणि बिल फेकून देऊ नये, आणि पहिल्या पाकिटावर पेनाने तारीख लिहावी.

आता, महिनाभर सोसलेले औषध नंतर का बाधते, हा आपल्या मनातला मूळ प्रश्न. औषधाच्या ॲलर्जीविषयी सर्वसामान्य समज असा असतो की इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासात अंगावर पित्त उठले. तो प्रकार खरा आहे, पण तो वेगळ्या यंत्रणेने होतो. रक्तात आधीच तयार असलेली आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तो घडवतात. पित्ताच्या गांधी खाजतात, जागा बदलतात आणि एकेक गांध साधारणपणे चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. उशिराने येणाऱ्या प्रतिक्रियेत प्रतिद्रव्ये नसतात, टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. औषधाचा रेणू काही विशिष्ट माणसांच्या पेशींवरील एचएलए नावाच्या ओळखखुणांना जाऊन चिकटतो, त्या औषधाला ओळखणाऱ्या मोजक्या टी-पेशी जाग्या होतात आणि मग त्यांची संख्या वाढत जाते. ही वाढ व्हायला आठवडे लागतात. त्या काळात रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि तो समजतो की औषध मानवले. पुरेशी फौज तयार झाली की ती स्वतःच्याच त्वचेवर, यकृतावर, मूत्रपिंडावर तुटून पडते. पुढे कधी तेच औषध पुन्हा घेतले, तर फौज आधीच तयार असल्याने आठवडे लागत नाहीत. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आजार पुन्हा उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा तीव्र असू शकतो.

प्रत्येक प्रकाराचे आपले असे अंतर असते. गोवरासारखे साधे औषधी पुरळ साधारण चार ते चौदा दिवसांत येते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याचेच उग्र रूप असलेले टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस, म्हणजे ‘टेन’, बहुतेक वेळा चार ते अठ्ठावीस दिवसांत येतात. ‘ड्रेस’ला सर्वांत जास्त वेळ लागतो, दोन ते आठ आठवडे. वडिलांचा चौतिसावा दिवस त्यात नेमका बसतो. चेहऱ्याची सूज, रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची वाढ, मानेतल्या गाठी आणि यकृताची बिघडलेली तपासणी हे सारे ड्रेसचेच चित्र आहे, आणि मूत्रपिंडावरचा परिणाम ॲलोप्युरिनॉलमुळे होणाऱ्या ड्रेसमध्ये विशेष दिसतो.

येथे थोडे थांबून स्टीव्हन्स-जॉन्सनविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ॲलोप्युरिनॉल तोही आजार घडवते आणि तो ओळखण्यात आपल्याकडे जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी ताप, अंगावर पुरळ, तोंडात जखमा आणि डोळ्यांचा तीव्र दाह झालेल्या दोन मुलांचे वर्णन केले, आणि त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. आपल्याकडचा रुग्ण ही लक्षणे वेगवेगळी सांगतो. ‘तोंड आलंय’ म्हणून एकाकडून बी-कॉम्प्लेक्स घेतो, ‘डोळे आलेत’ म्हणून दुसऱ्याकडून थेंब घेतो, आणि अंगावरच्या डागांना घरची वडीलधारी मंडळी उष्णता, गोवर किंवा देवीचा कोप म्हणतात. तोंड येणे, डोळे येणे आणि ताप या तीन गोष्टी गेल्या दोन महिन्यांत नवीन औषध सुरू झालेल्या माणसात एकत्र आल्या, तर तो एकच आजार समजावा आणि त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. त्वचा खाजण्याऐवजी दुखत असेल, डाग मध्यभागी काळसर होत असतील, लघवीला जळजळत असेल किंवा बोटाने हलके घासताच वरचा पापुद्रा सरकत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

एका तरुण शेतकऱ्याचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू होऊन अठरा दिवस झाले होते. ओठांवर रक्ताळलेली काळी खपली धरली होती, पाणीही गिळवत नव्हते आणि पाठीची त्वचा चादरीला चिकटून सुटत होती. ड्रेसिंगचे साहित्य येईपर्यंत परिचारिकांनी केळीची पाने धुऊन, पुसून, त्यांवर तेलाचा हात फिरवून त्याच्या पाठीखाली घातली. पान जखमेला चिकटत नाही आणि थंडावा देते, म्हणून भाजलेल्या आणि साल गेलेल्या रुग्णांसाठी आपल्या देशात ही जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. तो वाचला. मात्र आमच्याकडे येईपर्यंतच्या चार दिवसांत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिले नव्हते आणि पापणीचा आतला पडदा बुबुळाकडच्या पडद्याला चिकटू लागला होता. त्वचा काही आठवड्यांत भरून आली. डोळ्यांचा कोरडेपणा आणि उजेड न सोसणे हे त्याच्या मागे कायमचे लागले. त्या वेळेपासून अशा रुग्णाच्या केसपेपरवर मी पहिल्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना बोलावण्याची नोंद करते. शरीराच्या एक दशांशापेक्षा कमी त्वचा सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन आणि तीस टक्क्यांहून जास्त सुटली तर टेन, अशी विभागणी आहे. टेनमध्ये साधारण तीनपैकी एक रुग्ण दगावतो. ड्रेसमध्ये हे प्रमाण दहांत एकापर्यंत सांगितले जाते, म्हणून वडील घरी आले ही मोठी गोष्ट आहे.

वडिलांनाच हे का झाले, याचे एक कारण त्यांच्या जन्मजात ठेवणीत आहे आणि बाकीची कारणे औषधाच्या चिठ्ठीत आहेत. एचएलए-बी ५८:०१ ही ओळखखूण असलेल्यांमध्ये ॲलोप्युरिनॉलची तीव्र प्रतिक्रिया कितीतरी अधिक आढळते, हे २००५ मध्ये तैवानमधील संशोधकांनी दाखवले. परंतु आपल्या कागदांवर मला आणखी तीन गोष्टी दिसतात. एक म्हणजे सुरुवातच ३०० मिलिग्रॅमने झाली. हे औषध १०० मिलिग्रॅमने किंवा त्याहूनही कमीने सुरू करून हळूहळू वाढवायचे असते, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर आणखी कमीने, कारण या औषधापासून शरीरात बनणारे ऑक्सिप्युरिनॉल मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. दुसरी गोष्ट, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. ही लघवी वाढवणारी गोळी स्वतःच युरिक ॲसिड वाढवते. म्हणजे एका गोळीने वाढवलेला आकडा खाली आणण्यासाठी दुसरी गोळी आली. शिवाय थायझाइडसोबत ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांत या प्रतिक्रियेचा धोका अधिक मानला जातो. आधी रक्तदाबाची गोळी बदलून पाहता आली असती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वडिलांचा एकही सांधा कधी सुजला नव्हता, मूतखडा नव्हता. अलीकडे सगळ्या तपासण्या एका पॅकेजमध्ये होतात, रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि माणूस घाबरून गोळी मागतो. कोल्हापूरच्या माणसाला तर तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण आठवून आपलेच चुकले असे लगेच वाटते. मटण बेताने खावे, दारू टाळावी, पाणी भरपूर प्यावे, हे सर्व योग्य आहे. परंतु सांध्याचा झटका, मूतखडा किंवा तत्सम कारण नसताना केवळ आकडा वाढला म्हणून ॲलोप्युरिनॉल देऊ नये, असेच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ज्यांना खरोखर गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार आहे त्यांच्यासाठी हे उत्तम आणि स्वस्त औषध आहे, लाखो लोक ते वर्षानुवर्षे सुखाने घेतात, आणि हे वाचून कोणी ते आपणहून बंद करू नये. पहिले दोन महिने निर्विघ्न गेले असतील तर हा धोका बहुतांशी टळलेला असतो.

आता स्टेरॉइडचा प्रश्न. कृपया नातेवाइकांचे ऐकून ते एकदम बंद करू नका. ड्रेस हा आजार मूळ औषध थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. झोपलेले काही विषाणू, विशेषतः नागिणीच्या विषाणूच्या जातकुळीतला एचएचव्ही-६, या काळात पुन्हा जागे होतात. स्टेरॉइड घाईने उतरवले की ताप, पुरळ आणि यकृताची सूज परत येते; कधी कधी दुसरी लाट पहिलीपेक्षा वाईट असते. म्हणूनच मात्रा साधारण दोन-तीन महिन्यांत, पायरीपायरीने उतरवतात. साखर वाढली असेल तर साखरेवर उपचार करावा, गरज पडल्यास काही आठवडे इन्सुलिन घ्यावे. मात्रा कमी होईल तशी साखरही उतरू लागते. दर आठवड्या-पंधरवड्याला रक्तातील पेशी, यकृत, क्रिएटिनिन आणि साखर तपासावी. छातीत धडधड किंवा धाप लागली तर हृदयाची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, कारण ड्रेस हृदयाच्या स्नायूलाही गाठतो. सर्व काही स्थिरावल्यावर, म्हणजे तीन आणि सहा महिन्यांनी, थायरॉइडची तपासणी विसरू नका. ड्रेसमधून बरे झालेल्या काही रुग्णांत थायरॉइडचा आजार किंवा मधुमेह महिन्यांनंतर उद्भवतो, आणि तोवर त्वचा स्वच्छ झालेली असल्याने त्याचा संबंध कोणाला आठवत नाही.

या काळात शक्य तितकी कमी औषधे द्यावीत. ड्रेसच्या भरात रोगप्रतिकारशक्ती इतकी चिथावलेली असते की एरवी निर्दोष असलेले प्रतिजैविकही नवे पुरळ उठवू शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये. मेफेनॅमिक ॲसिड ही आपल्या घराघरांत पाळीच्या दुखण्यासाठी आणि मुलांच्या तापासाठी वापरली जाणारी गोळी ड्रेस घडवू शकते, असा सावधगिरीचा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला आहे. ताप आला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

ॲलोप्युरिनॉल मात्र आयुष्यात पुन्हा घ्यायचे नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही, ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. यासाठी कोणत्याही ‘ॲलर्जी पॅनेल’वर हजारो रुपये खर्च करू नका. रक्तातील आयजीई मोजणाऱ्या किंवा हातावर टोचून पाहणाऱ्या चाचण्या तात्काळ येणाऱ्या ॲलर्जीसाठी असतात, या आजारात त्यांचा उपयोग होत नाही. पाठीवर औषधाची पट्टी चिकटवून करायची पॅच चाचणी काही औषधांबाबत मदत करते, पण ॲलोप्युरिनॉलच्या बाबतीत ती बहुधा काहीच दाखवत नाही, आणि ती निकोप आली म्हणून औषध सुरक्षित ठरत नाही. पुढे खरोखर गाऊट झालाच, तर वेगळ्या रचनेची औषधे आहेत. त्यांचा निर्णय संधिवाततज्ज्ञांनी हा कागद पाहूनच घ्यावा.

भावंडांबद्दल विचारलेत. ज्या ओळखखुणेचा उल्लेख केला ती आनुवंशिक आहे, त्यामुळे वडिलांकडे तिची एक प्रत असेल तर ती आपल्यापैकी प्रत्येकात उतरण्याची शक्यता अर्धी, म्हणजे निम्मी आहे. तरी ती असलेल्या बहुतेक माणसांना हे औषध घेऊनही काही होत नाही. आज आपणा कोणालाच ॲलोप्युरिनॉलची गरज नसेल, तर आज चाचणी करण्याचेही कारण नाही. उद्या कधी गरज पडली, तर ‘वडिलांना या औषधाने ड्रेस झाला होता’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. मग ते चाचणी करतील किंवा सरळ दुसरे औषध देतील. वडिलांच्या सख्ख्या भावाबहिणींनाही हेच कळवा.

हीच माहिती वडिलांच्या खिशात राहिली पाहिजे. डिस्चार्ज कार्ड चार पानांचे असते, ते अपघाताच्या वेळी सापडत नाही. एका जाड कागदावर ठळक अक्षरांत ‘ॲलोप्युरिनॉल देऊ नये, ड्रेस, यकृत व मूत्रपिंडावर परिणाम’, महिना आणि वर्ष, एवढे लिहून त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही घ्या, लॅमिनेट करा आणि आधार कार्डाच्या पाठीला लावून ठेवा. कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. एकच औषध वीस नावांनी विकले जाते आणि मेडिकलवाले नाव बदलून देतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या सर्वांना पाठवा.

आणि ही घटना नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याची केंद्रे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही थेट माहिती देऊ शकतात. फोन करताना ती चार पाकिटे, बिल आणि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवा. गोळीचे नाव, बॅच क्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या गोळीची तारीख विचारतील. चौथ्या पाकिटातल्या त्या दोन गोळ्या नोंद झाल्यावर घरात ठेवू नका.